चटई उचलण्याआधी

“मतं पाण्याला घाबरत नाहीत, उएले. निघ तू.”

तो आवाज फुआतिनोच्या खांद्यावरून आला होता. चढा नव्हता, रागाचा तर नव्हताच. जेवायला उशीर करणाऱ्या पोराला घरातलं मोठं माणूस हाक मारतं ना, तितका मऊ. धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत दोघंच होती, रेडिओ सांभाळणारी ती आणि तो. बाहेर निवडणुकीचा बँड वाजत होता. समुद्राच्या पलीकडच्या काठावर तिचा भाऊ उएले होडीच्या सुकाणूपाशी उभा होता आणि गावाकडे मत द्यायला निघालेली माणसं त्याच्या होडीत चढत होती. उएले नुकताच म्हणाला होता, “ताई, लाटा आज वेड्यासारख्या करताहेत. मी निघत नाही. उद्या आणतो सगळ्यांना.” उद्या मतदान संपलेलं असणार होतं. तेव्हा एक हात तिच्या खांद्यावरून पुढे आला, माईक तिच्या बोटांतून अलगद सोडवून घेतला, आणि मग ते वाक्य.

थोडी खरखर झाली. मग उएलेचा आवाज आला, एकाएकी लहान झालेला. “बरं. तुमचा शब्द.”

होडी आली नाही. लाटा मात्र आल्या, एकामागून एक, हात हलवत, रिकाम्या.

वीसेक वर्षं उलटली. त्यांच्या वाइतोलू गावात आता ती पत्र्याची खोली नाही. धक्का पक्का झाला, रस्त्यावर डांबर पडलं, शाळेला निळं छप्पर आलं. हे सगळं ज्यानं आणलं तो मानुसेला तेव्हाही मंत्री होता, आजही आहे, आणि आवाज अजून तसाच मऊ. चर्चच्या अंगणात काळ्या दगडाचा एक खांब आहे. त्यावर बुडालेल्यांची नावं आहेत. सुकाणू धरणाऱ्याचं नाही. रविवारी बायका त्या दगडाशी फुलं ठेवतात. फुआतिनोही ठेवते, पण खाली मातीत, जिथे कुणाचंच नाव नाही तिथे.

प्रेतं किनाऱ्याला लागली तेव्हा गाव पेटलं होतं. उएलेला मस्ती होती, लोक म्हणाले. मंत्र्यापुढे मिरवायची घाई होती. उएले स्वतः समुद्रातच राहिला, त्याला विचारणार कोण? राग मग त्याच्या घराकडे वळला. घरात होती फुआतिनो, आणि तिच्या मांडीवर भावाची आईवेगळी पोर, तेलेसिया. लोक घर जाळायला निघाले त्याच पहाटे मानुसेला आला. मंत्री म्हणून नव्हे, उएलेच्या घराण्याचा प्रमुख म्हणून. घरच्या माणसाच्या हातून आक्रीत घडलं की प्रमुखानं डोक्यावरून तलम चटई पांघरायची आणि दुखावलेल्यांच्या दारात मान घालून बसायचं. त्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर ऊन आहे, दगड आहेत, नशीब आहे. याला इफोगा म्हणतात. एकदा उचललेल्या चटईबद्दल पुन्हा कुणी बोलायचं नसतं. घरात नाही, दारात नाही, झोपेतही नाही.

चटई फुआतिनोचीच होती. उएलेला घराण्यातली मानाची पदवी मिळेल त्या दिवसासाठी तिनं वर्षानुवर्षं विणलेली, केसासारख्या बारीक पात्यांची, हातात धरली तर पाण्यासारखी ओघळणारी. मानुसेलानं तीच मागून घेतली.

आणि गावानं ती केवढ्या घाईनं उचलली! चटईखालच्यानं आपल्या तोंडानं दोष सांगायचा असतो. पण एवढा थोर माणूस मातीत गुडघे टेकून बसलाय, ही लाज त्याच्यापेक्षा बघणाऱ्यांनाच सोसवेना. त्यानं तोंड उघडायच्या आत म्हातारा फाइवा धावला. फाइवा गावाच्या वतीनं बोलणारा वक्ता, त्याचा एकुलता मुलगा त्या होडीत गेलेला. त्यानं चटई उचलली, मंत्र्याला मिठी मारली, आणि सगळं गाव हमसून रडलं. दोष काय, कुणाचा, हे कुणी बोललंच नाही. सगळ्यांनी तो उएलेचा धरला.

निघताना मानुसेला फुआतिनोच्या कानाशी वाकला होता. “झाकलं गेलं सगळं. त्या चटईखाली तुझी ही पोरसुद्धा आहे हो. लक्षात असू दे.”

फुआतिनोनं लक्षात ठेवलं. पोर या मातीत वाढली, शाळेत गेली, चर्चमध्ये गायली, पुढे ऑकलंडला गेली. त्याची किंमत फुआतिनो जिभेखाली धरून बसली. नवी चटई विणायला घेतली की तिच्या ओठांवर एवढंच यायचं:

पान पानात गुंफिते, चटई ही वाढे हळू
माझ्या भावाच्या होडीला, लाटांनो गं नका छळू

लाटांना हे सांगायला फार उशीर झाला होता, पण ओवीला कुठे वेळेचं भान असतं!

*

तेलेसिया ऑकलंडहून आली ती दोन मोठ्या पेट्या, एक गोरा कॅमेरावाला आणि एक सिनेमा घेऊन. सिनेमा म्हणजे अजून कागदावरचाच. बेटावरचा एक बलाढ्य मंत्री, त्याच्यामागे लागलेली वर्तमानपत्रातली एक मुलगी, बुडालेली होडी, दडवलेलं गुपित. गावच्या पंचांपुढे तिनं कथा सांगितली तेव्हा पंच डोळे मिटून ऐकत होते. मंत्री कोण, हे ओळखायला डोळे उघडायची गरजच नव्हती.

“गोष्टच आहे ना?” शेवटी फाइवानं विचारलं.

“गोष्टच आहे, आजोबा.”

“मग हरकत नाही. गोष्टीवर कुणी रागावत नाही. रागावला तर तोच उघडा पडतो.” म्हातारा डोळे मिटलेलेच ठेवून हसला. “मला काम आहे का त्यात?”

काम सगळ्यांनाच होतं. अडचण एकच, मंत्री व्हायला कुणी तयार होईना. शिक्षक म्हणाले, माझी बदली होईल. पाद्री म्हणाले, माझं छप्पर गळतं आहे आणि अर्ज त्यांच्याच टेबलावर आहे. शेवटी पेसामिनो उठला. तो लाकडी बस चालवायचा. बसवर मासे आणि देवदूत रंगवलेले, आणि आतलं गाणं तीन गावांना ऐकू जाईल एवढं मोठं.

“मंत्र्याला काय लागतं? पोट लागतं,” तो स्वतःच्या पोटावर थाप मारत म्हणाला. “ते घरचं आहे. बाकीचं तू लिहून दे, तेलेसिया.”

“बोलायचं मऊ हं, पेसा. ओरडायचं नाही.”

“मऊ? अगं, मी जन्मभर इंजिनाच्या वर बोललोय.”

“म्हणूनच तर तुझी बायको बहिरी झाली,” मागून कुणी तरी म्हणालं, आणि त्याची बायको म्हणाली, “झाले नाही, मीच ऐकणं सोडलंय.”

गाव हसलं. फुआतिनोही हसली. तेलेसिया घरी आल्यापासून तिला हसू लवकर येत होतं. पोरीची चाल बापाची होती, एक खांदा जरा पुढे टाकून, जणू समोरून वारा आहे.

संध्याकाळी प्रार्थनेची घंटा होऊन गेल्यावर दोघी घराच्या ओट्यावर बसल्या. भिंती नसलेल्या घरातून समुद्र आरपार दिसत होता. चुलीच्या दगडांवर तारोचा कंद भाजत होता आणि नारळाच्या दुधाचा वास दाटला होता. तेलेसियाच्या मांडीवर कागद होते.

“आत्या, ऐक. शेवटी त्या मुलीला एक टेप सापडते. जुन्या रेडिओतली. त्यात मंत्र्याचा आवाज असतो.”

फुआतिनोचा हात तारोवर थबकला. “कसली टेप?”

“रेकॉर्ड केलेली.”

“त्या रेडिओला टेप नव्हती. ऐकायचा आणि बोलायचा, एवढंच. बोललेलं वाऱ्यावर जायचं.”

“माहीत आहे गं मला. खरं काय झालं ते ठाऊक नाही, म्हणून टेप लिहिली.” तेलेसियानं कागद खाली ठेवले. “सिनेमे मी दुसरेही केले असते. हा का करतेय सांगू? त्या दगडावर बाबांचं नाव नाही. लहानपणी चर्चमधून येताना मी बोटानं तिथे लिहायची, खालच्या कोपऱ्यात, पाण्यानं. वाळलं की गेलं. मला ते नाव तिथे हवंय, आत्या. गावानं कोरलेलं. आणि गाव ते कोरणार नाही, जोवर गाव म्हणतं की नऊ माणसं त्यानं मारली.”

पलीकडे लाट आली, फुटली, परत गेली.

“तू होतीस ना रेडिओवर त्या दिवशी? बाबा काय बोलले होते?”

फुआतिनोच्या जिभेखाली ते वाक्य हललं. एखादं मूल झोपेत कूस वळतं तसं.

“तारो करपेल,” ती म्हणाली आणि उठली.

*

मंत्री आला तो आधी निरोप न धाडता. काळी मोटार रस्त्यावर ठेवून, पायांतल्या चपला ओट्याखाली काढून, तो वाकून घरात आला आणि मांडी घालून बसला, वयाला न शोभणाऱ्या सहजतेनं. बरोबरच्या माणसानं डबाबंद मांसाची खोकी खांबाशी रचली आणि तो मोटारीकडे निघून गेला.

फुआतिनोनं कोको पुढे ठेवला.

“हीच ती चव,” मानुसेला घोट घेऊन म्हणाला. “मला वाटलं होतं, नळ आला तशी बदलली असेल.”

“नळ तुमचा. कोको माझा.”

तो मनापासून हसला. हसला की तो खरोखर आवडण्यासारखा दिसायचा. फुआतिनोला त्याची भीती वाटायची ती याचमुळे.

“पोर हुशार निघाली. पेसामिनो माझं काम करतोय म्हणे? पोट तेवढं जमेल त्याला.” कप खाली ठेवला. “सिनेमा होऊ दे. माझी काहीच ना नाही. मंत्री चोर दाखवू दे, लबाड दाखवू दे, लोक टाळ्या वाजवतील आणि परत मलाच मत देतील. पण त्यात चटईचा एक सीन आहे, असं कानावर आलं.”

“आहे.”

“तो नको.” आवाज आणखी मऊ झाला. “उचललेली चटई परत अंथरत नाहीत, फुआतिनो. तुला मी सांगायला हवं? त्याच्यानं गावाचा शब्द मोडतो.”

बाहेर कोंबडी पिल्लांना घेऊन उकरत होती.

“मी रिकाम्या हातानं सांगत नाही,” तो म्हणाला. “मुलांच्या सणाच्या, पांढऱ्या रविवारच्या आत उएलेचं नाव दगडावर येईल. पंचांशी मी बोलतो. माझा शब्द.”

तुमचा शब्द. हेच दोन शब्द रेडिओतून आले होते. तिनं ओट्याचा खांब धरला.

“काय म्हणून येईल नाव?”

“म्हणजे?”

“बाकीची नावं बुडालेल्यांची आहेत. उएलेचं काय म्हणून?”

मानुसेलानं समुद्राकडे पाहिलं. तेव्हा पहिल्यांदा तिला दिसलं की तो म्हातारा झालाय. मानेची कातडी सैल, डोळ्यांखाली काळं. “माफ केलेला म्हणून,” तो म्हणाला. “याहून जास्त कुणाच्याच हातात नाही.”

“तुमच्या पण नाही?”

तो उठला, चपला पायात सरकवल्या. मोटारीकडे जाताना कोंबडीला वाट द्यायला तो थांबला, आणि एवढा बलवान माणूस एका कोंबडीसाठी थांबलेला बघून फुआतिनोला उगाच वाईट वाटलं.

तिनं हे तेलेसियाला तसंच्या तसं सांगितलं, खोक्यांसकट. तेलेसियाचा चेहरा आधी उजळला. किती वर्षांपूर्वीची ती पोर त्या एका क्षणात परत दगडापुढे उभी राहिली, ओलं बोट घेऊन. मग चेहरा हळूहळू मिटला.

“माफ केलेला,” ती म्हणाली. “म्हणजे गुन्हा कायमचा कोरायचा. नावाच्याच अक्षरांत.” मग तिनं विचारलं, “त्यांना चोर म्हटलेलं चालतं, लबाड म्हटलेलं चालतं. मग चटईचंच एवढं भय का, आत्या?”

फुआतिनोनं खोकी खांबामागे सरकवली.

“सीन काढून टाकू? तू सांग. तू म्हणालीस तर काढते. मी सिनेमा करून परत जाईन, तुला इथेच राहायचंय. पंचांनी गावाबाहेर काढलं तर काढतील ते तुला.”

पोर आता चटईखाली नाही, फुआतिनोच्या मनात आलं. पोर बाहेर उभी आहे, स्वतःच्या पायांवर, आणि माझी काळजी करते आहे. चटईखाली राहिले ती मी एकटीच.

“उद्या सीन कर,” ती म्हणाली. “चटई मात्र खरी हवी. बाजारातली रंगीत नको. फाइवाकडे माग. त्या दिवशी उचललेली त्याच्याकडेच आहे.”

*

पहाट झाली तेव्हा समुद्र काचेसारखा होता. चर्चच्या अंगणात गाव जमलं होतं, रविवारचे पांढरे कपडे घालून, कारण तेलेसियानं रोजचेच घाला म्हटलं तरी कॅमेऱ्यापुढे रोजचे कपडे घालायला कोण तयार होणार! केळीच्या पानांत गुंडाळून आणलेलं खाणं सीनसाठी होतं, ते सीनच्या आधीच अर्धं झालं होतं. बुडालेल्यांच्या घरची माणसं स्वतःच्याच भूमिकेत बसली होती. आणि बाजूला, पंचांच्या रांगेत, मानुसेला. त्याला बोलावलं कुणी, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण आलेल्या थोराला परत धाडता येत नाही, म्हणून एक खुर्ची आणली गेली होती.

फाइवानं चटई आणली. सुती कापडात गुंडाळून, लेकराला आणावं तशी छातीशी धरून. त्यानं ती उलगडली आणि ती ओघळली, अजून तशीच. कडेची लाल पिसं मात्र विटली होती. फुआतिनोनं बायकांच्या रांगेतूनच ओळखलं, इथे या कोपऱ्यात पात जरा आवळलेली आहे. ती विणताना उएले आला होता, हिनं मान वर केली होती, हात घट्ट झाला होता. “किती विणतेस गं ताई,” तो म्हणाला होता, “मला पदवी मिळेपर्यंत माझे दात पडतील.”

पेसामिनो मातीत बसला. चटई त्याच्या डोक्यावरून घातली गेली. आतून शिंक आली.

“मंत्री शिंकत नाहीत!” तेलेसिया ओरडली.

“मंत्र्यांच्या नाकात पिसं जात नाहीत!” चटई म्हणाली.

लोक हसले. खुर्चीतला मानुसेलाही हसला, जरा उशिरा.

“आजोबा,” तेलेसियानं फाइवाला समजावलं, “मागच्यासारखं धावायचं नाही. कॅमेऱ्याला वेळ हवा. जवळ जा, उभे राहा. मी हात दाखवला की मगच उचला.”

“आणि तोवर काय करू?”

“काही नाही. बघत राहा चटईकडे.”

फाइवा काठी टेकत गेला आणि उभा राहिला.

पहिल्यांदा नुसतंच शूटिंग होतं. कुणी खोकलं, कुणी पोराला गप्प केलं. मग ऊन आंब्याच्या झाडावरून उतरून चटईवर आलं आणि ती सोन्यासारखी दिसू लागली. हसणं आपोआप थांबलं. चटईखालचा आकार हलत नव्हता. गुडघे, वाकलेली पाठ, मातीला टेकलेलं कपाळ. तो पेसामिनो आहे, हे बघता बघता विसरायला झालं. बायकांच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. फाइवाचा हात दोनदा पुढे झाला आणि दोन्हीदा मागे आला. गेल्या खेपेला त्याला वेळच मिळाला नव्हता. आता वेळ होता. चटईपुढे उभं राहायला आयुष्यात पहिल्यांदा वेळ होता, आणि त्या वेळात म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उगवत गेलं, जे तेलेसियानं लिहिलं नव्हतं.

“चटईखालच्या माणसा,” फाइवा बोलला. वक्त्याचा आवाज, जुना, कमावलेला. “माझा मुलगा गेला. तू माझ्या दारात बसलास. चांगलं केलंस. पण बसलेल्यानं बोलायचं असतं. दोष कुणाचा, ते सांग. मी तेव्हा विचारलं नाही. तेव्हा मला तुझीच लाज वाटली. आज विचारतो.”

चटई हलली. कडेखालून पेसामिनोचं घामेजलं तोंड बाहेर आलं. “तेलेसिया,” तो कुजबुजला, “हे मला लिहून दिलेलं नाही.”

कुणी हसलं नाही. तेलेसियानं हात वर केला नाही, थांबा म्हटलं नाही. कॅमेरावाल्याला भाषा कळत नव्हती, पण त्यानंही डोळा काढला नाही.

फाइवा चटईकडे बघत नव्हता आता. वाकलेली मान त्यानं वळवली होती खुर्चीकडे.

मानुसेला उठला. “पुरे झालं,” तो मऊ आवाजात म्हणाला. “उचल, फाइवा. बिचाऱ्याला ऊन लागतंय.”

तोच आवाज. जेवायला बोलावणारा, माईक काढून घेणारा. फाइवाचा हात सवयीनं चटईकडे गेलाच, थोरांचा शब्द झेलायची हाडांत मुरलेली सवय ती. एका क्षणात सगळं परत झाकलं गेलं असतं.

फुआतिनो उठली. गुडघे कुरकुरले. रांगेतल्या बायकांनी पाय आवरून तिला वाट दिली, आणि एकीनं, जिचा नवरा त्या दगडावर होता, तिच्या पाठीला हात लावला, कशासाठी ते तिलाही ठाऊक नसावं. अंगण फार मोठं वाटलं. ती चटईपाशी आली आणि फाइवाच्या हातावर तिनं आपला हात ठेवला.

“थांबा, दादा. ही चटई माझ्या हातची आहे. उचलायची कधी ते आज मला ठरवू द्या.”

मग ती मानुसेलाकडे वळली. आवाज कापत नव्हता. तो जणू वीस वर्षं आतल्या आत विणला गेला होता, पात पातीला धरून.

“पेसा, बाहेर ये, बाबा. तुझं काम झालं.” पेसामिनो चटईखालून सरकला आणि गुपचूप तिच्या मागे जाऊन उभा राहिला, पोट आत ओढून. रिकामी चटई मातीवर पसरली. “मंत्रीसाहेब, जागा रिकामी आहे. तुम्ही बसलात तर चटई मीच उचलीन. ऊन चढायच्या आत उचलीन, सगळ्या गावासमोर सांगते. तुम्ही माझं घर वाचवलंत, पोर वाचवलीत, ते मी विसरले नाही. पण आधी दोष बोलला गेला पाहिजे. तुम्ही बोलता, की मी बोलू?”

मानुसेलाचे ओठ हलले. आवाज आला नाही. तो मऊ, भरदार आवाज गावानं पहिल्यांदाच हरवलेला पाहिला. त्याची नजर चटईवर होती, आवळलेल्या त्या कोपऱ्यावर, आणि तो परत खुर्चीत बसला नाही, निघूनही गेला नाही.

तेलेसिया कॅमेऱ्यामागून पुढे आली होती. एक खांदा पुढे, वाऱ्यात उभी असल्यासारखी. फुआतिनोनं तिच्याकडे पाहिलं, मग फाइवाकडे, मग त्या काळ्या दगडाकडे, त्याच्या खालच्या कोपऱ्याकडे.

“उएले निघत नाही म्हणाला होता,” ती म्हणाली. “रेडिओवर मी होते. लाटा वेड्यासारख्या करताहेत ताई, उद्या आणतो सगळ्यांना, असं म्हणाला माझा भाऊ. तेव्हा माझ्या हातातून माईक घेतला गेला. ‘मतं पाण्याला घाबरत नाहीत, उएले, निघ तू,’ असं बोलले ते हे, मानुसेला. मी ऐकलं. मी तिथे होते.”